दोन बोटं आखूड

या, अशा पुढे या. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट पंख्याच्या घरघरीत जाईल. आज पुराणातलं आख्यान लावत नाही. आगाशी गावातल्या एका घरातलं सांगतो. त्यात ना राजा आहे ना राक्षस. एक जिना आहे, आणि त्या जिन्यापायी एका सुताराचं नाव पणाला लागलं होतं. आता सुताराजवळ नावाशिवाय दुसरं असतं तरी काय? करवत कुणीही विकत आणतो. तेव्हा नीट ऐका.

तुळशीदास राऊत म्हणजे वाडीवाला माणूस. केळी, पानवेल, चाफा, दोन विहिरी. वय सहासष्ट. कीर्तनाचा नाद असा की बुवांनी पूर्वरंग सुरू केला की ह्याचे डोळे मिटायचे आणि उत्तररंगात पाण्याने भरायचे. देवावर ह्याचा भरवसा पुरा. माणसांवर मात्र नाही. लहानपणापासून ज्या बसने आला-गेला, त्या बसच्या कंडक्टरला अजून दोनदा विचारायचा, "आगाशीच ना?" घरात गॅसवाला येऊन गेला की सिलिंडर हलवून बघायचा. बायको मालन म्हणायची, "अहो, देवळातल्या तीर्थाचा पण वास घेता तुम्ही!" तो म्हणायचा, "घेतो. तांब्या कुणी घासला ते कुणाला ठाऊक?"

मुलगा अनुज आणि सून रिद्धी नोकरीला. दोघांनी मिळून घरावर मजला चढवला. वर एक लांबरुंद खोली निघाली. तुळशीदासने मनाशी ठरवलं की त्या खोलीत पहिला आवाज टाळ-चिपळ्यांचा होईल. बुवांना गाठून त्याने मार्गशीर्षातले तीन दिवस मागून घेतले. पण वर जायला जिना नव्हता. गवंडी बांबूच्या शिडीने चढायचे. बुवांना आणि आगाशीच्या म्हाताऱ्या श्रोत्यांना काय शिडीने चढवणार?

जिन्याचं लाकूड घरचंच होतं. मागल्या मोठ्या वादळात विहिरीवरचा फणस आडवा झाला, त्याच्या दोन लांबलचक जाड फळ्या गिरणीतून कापून आणून तीन वर्षं पडवीत सुकवल्या होत्या. साडेपंधरा फूट लांब, सरळसोट, हळदीच्या रंगाच्या. जिन्याचे दोन दांडे त्यांतूनच निघायचे. दांडे म्हणजे दोन बाजूंच्या त्या तिरक्या फळ्या, ज्यांना करवतीसारखे दाते पाडतात आणि दात्यांवर पायऱ्या बसवतात. दांडा चुकला की जिना चुकला. आणि फळ्या दोनच होत्या, तिसरी नव्हती.

काम सांगितलं नंदाखालच्या सॅन्टनला. साठीला आलेला, काटकुळा, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली. हात चांगला म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. पण एक खोड होती. माप घेताना आणि कापताना तो बोलायचा नाही. ओठ हलायचे, आकडे मोजायचा, पण विचारलेल्याचं उत्तर नाही. आणि ज्याला कंडक्टरचाही भरवसा नाही, त्याच्या घरात न बोलणारा माणूस दिवसभर करवत घेऊन वावरणार!

त्यात शेजारच्या शत्रुघ्नने कान फुंकले. "सॅन्टनला दिलंस काम? बरं. नायगावला एका टॉवरमधल्या घरात ह्याने जिना आखूड कापला होता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीतरी. आखूड कापला नि तसाच ठोकून मोकळा झाला."

कुणी सांगितलं, कधी सांगितलं, शत्रुघ्नलाही आठवेना. पण तुळशीदासच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पहिला अख्खा दिवस सॅन्टनने नुसतं मोजण्यात घालवला. एक सरळ लांब काठी आणली, खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत उभी धरली आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन पाणसळीत आहे का ते बघितलं. मग पुन्हा काठी. तुळशीदास पेपर वाचायचं निमित्त करून आरामखुर्चीत बसला होता. पेपरचं पान दुपारपर्यंत उलटलं नव्हतं.

संध्याकाळी सॅन्टन बोलला. "आठ फूट नऊ इंच. म्हणजे एकशे पाच इंच. सात-सात इंचांचे पंधरा चढ, भाऊ. विषम हवे म्हणालात ना? घ्या विषम."

आमच्याकडे जिना विषमच लागतो. खाली उजवा पाय टाकून चढायला लागलं की वरच्या खोलीतही उजवाच पाय पडला पाहिजे. देवाच्या कामाला डाव्या पायाने कोण जाईल? तेवढ्यापुरता तुळशीदास खूश झाला. पण दुसऱ्या दिवशी टेम्पोतून पायऱ्यांच्या फळ्या उतरल्या. त्याने मोजल्या. पुन्हा मोजल्या. चौदा!

तो स्वयंपाकघरात आला. "मालन, पंधरा म्हणाला होता. चौदाच आणल्यात."

मालन भाकरी थापत होती. तिने मानही वळवली नाही. "पंधरावी पायरी म्हणजे वरची जमीनच की. तिला फळी कशाला?"

"हं," तो म्हणाला. पटलं, पण पटल्याचं दुःख झालं. संशय एकदा घरात आला की तो रिकाम्या हाताने जायला मागत नाही.

तिसऱ्या दिवशी सॅन्टनने दोन्ही फणसाच्या फळ्या अंगणात आडव्या मांडल्या. काटकोन मोजायचा गुण्या घेतला. एका अंगाला सात, दुसऱ्या अंगाला दहा, असा तो फळीच्या काठाला लावत, रेघ मारत, सरकवत पुढे चालला. उंची सात, पाय ठेवायला दहा. एक दाता, दोन दाते, तीन दाते. प्रत्येक दात्याजवळ त्रिकोण आखला की त्रिकोणात पेन्सिलीने एक फुली मारायचा.

तुळशीदासने खिडकीतून बघितलं. फुली. पुन्हा फुली. चौदा फुल्या एका फळीवर, चौदा दुसरीवर. सॅन्टन कापायच्या आधी छातीवर क्रूस करतो ते त्याने बघितलं होतं, त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याचा त्याचा देव. पण ज्या जिन्याने बुवा चढणार त्यावर अठ्ठावीस क्रूस?

"मालन, तो आपल्या लाकडावर क्रूस काढतोय."

मालनने खिडकीतून डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ती फुली आहे. जेवढं कापून टाकायचं तेवढ्यावर फुली. मी ब्लाउज बेतताना खडूने मारते ती काय असते मग?"

आणि खरंच, दुपारपर्यंत त्या सगळ्या फुल्या त्रिकोणी तुकडे होऊन अंगणात पडल्या होत्या. रिद्धीने संध्याकाळी चुलीसाठी गोळा केल्या. तुळशीदासला जरा लाज वाटली. जरा.

मग आला तो चौथा दिवस. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथेच झाला.

सॅन्टनने दोन्ही दांडे पूर्ण दातेरी करून ठेवले होते. सकाळी आल्यावर त्याने पायरीची एक फळी उचलली, दांड्याच्या अगदी तळाशी, जिथे लाकूड जमिनीला टेकतं तिथे, उभी धरली आणि तिच्या जाडीएवढी रेघ मारली. दीड इंच. इकडे तिकडे बघितलं. निदान तुळशीदासला तरी वाटलं की इकडे तिकडे बघितलं. मग करवत घेतली आणि दोन्ही दांड्यांचा तळ तेवढा कापून टाकला. दोन चपट्या चकत्या गवतात पडल्या. सॅन्टन चहा प्यायला मागच्या दारी गेला.

तुळशीदास चोरपावलांनी गेला आणि चकत्या उचलून त्याने बंडीच्या खिशात टाकल्या. सगळं मोजून, आखून झाल्यावर हा खालून का कापतो? आणि कुणाला न सांगता?

दुपारी सॅन्टनने आणि त्याच्या जोडीदाराने दांडे उभे केले. वरच्या बीमवर सॅन्टनने पहिल्याच दिवशी एक रेघ मारून ठेवली होती आणि मालनला सांगितलं होतं, "वहिनी, शेवटची पायरी इथे येणार." तुळशीदासने वर बघितलं. दांड्याचा शेवटचा दाता रेघेपर्यंत पोचत नव्हता. बरोबर दोन बोटं खाली होता.

आखूड!

"सॅन्टन, रेघेला पोचलं नाही."

सॅन्टन ओळंबा लावत होता. ओठ हलत होते. त्याने हातानेच थांबा अशी खूण केली. मग खूप वेळाने म्हणाला, "अजून फळ्या बसायच्यात, भाऊ."

असं मोघम उत्तर! तुळशीदास बाहेर पडला तो थेट शत्रुघ्नच्या ओट्यावर. चकत्या काढून दाखवल्या. शत्रुघ्नने त्या हातात फिरवल्या आणि मान अशी हलवली की जणू नायगावचा तो जिना त्याच्या डोळ्यांसमोर कापला होता. दोघे टेप घेऊन परत आले. शत्रुघ्नने टेप रेघेला लावला, तुळशीदासने खालून आकडा वाचला, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"दीड इंच कमी!"

सॅन्टन स्टुलावरून उतरला. त्याने आधी शत्रुघ्नकडे बघितलं, मग टेपकडे, मग तुळशीदासच्या हातातल्या चकत्यांकडे.

"हे काय आहे?" तुळशीदास म्हणाला.

"कापलेलं लाकूड."

"का कापलं?"

"कापायचं होतं म्हणून."

"नायगावला पण असंच कापायचं होतं?"

सॅन्टनने हातातला ओळंबा खाली ठेवला. "नायगावला मी उभ्या जन्मात जिना केला नाही." तो हळू आवाजात बोलत होता. "भाऊ, तुम्ही मला एकट्याला विचारलं असतं, तर बसून समजावलं असतं. तुम्ही खिशात पुरावा घेऊन, साक्षीदार घेऊन आलात. आता मी काय सांगू? काही सांगितलं तरी ते सबबच वाटणार."

त्याने पटाशी पुसली, रंधा पोत्यात गुंडाळला, गुण्या वर ठेवला. मालन धावत बाहेर आली. "सॅन्टनभाऊ, चहा तरी..." "नको वहिनी. चहा सकाळी झाला." फाटकातून बाहेर पडताना वळून एवढंच म्हणाला, "फळी ठेवून बघा. मग मोजा."

तुळशीदासने फळी ठेवून बघितली नाही. चूक पकडल्याच्या आनंदात माणसाला आणखी मोजायचं सुचत नाही.

कीर्तनाला पाच दिवस उरले होते. अनुजने ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने गोखिवऱ्याहून विकीला बोलावलं. विकी मोटरसायकलवर आला, कमरेला ड्रिलमशीन, एका कानात इअरफोन. किचनची कपाटं करायचा. "अंकल, टेन्शनच नाय. दांडे रेडी आहेत ना? एक दिवसाचं काम."

तुळशीदासने चकत्या पुढे केल्या. "आधी ह्या खाली लावायच्या. दोन्ही दांड्यांना. रेघेला टेकलं पाहिजे."

विकीने चकत्या उलटसुलट केल्या. "पण पहिलेवाल्याने कापल्या कशाला?"

"चुकला तो."

"ओके. तुमचं घर, तुमचा जिना." त्याने गोंद लावून, खिळे मारून चकत्या तळाला बसवल्या. दांडे वर सरकले. शेवटचा दाता रेघेला बरोबर टेकला. तुळशीदास समाधानाने हसला. मग विकीने दांडे बीमला बोल्टने आवळले, चौदाही फळ्या ठोकल्या, आणि ती रेघ शेवटच्या फळीमागे झाकून गेली. संध्याकाळी पॉलिश मारलं. कीर्तनाच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही असं ठरलं. फणसाचा तो पिवळा रंग असा उजळला की रिद्धीने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी मालन रांगोळीचा डबा घेऊन पहिल्यांदा वर गेली आणि वरूनच म्हणाली, "अहो, शेवटी पाय दचकतो हो इथे."

"नवा आहे. सवय होईल."

चार वाजता मंडळी यायला लागली. मी म्हणतो, तो सोहळा बघण्यासारखा होता. बुवा आले. उजवा पाय, डावा पाय, असे ठेक्यात चढले आणि वरच्या खोलीत पाय ठेवताना दाणकन आपटले. "रामकृष्णहरी!" म्हणून त्यांनी चौकट धरली. मागून पखवाजवाला आला, तोही तिथेच दाणकन. मग देवळातले विश्वस्त, मग शेजारच्या काकी. प्रत्येक जण खालून गप्पा मारत यायचा आणि वरच्या उंबऱ्यावर पाय आपटून गप्प व्हायचा. कुणी चप्पल नसलेल्या पायाकडे बघायचं, कुणी धोतराकडे. प्रत्येकाला वाटायचं आपलंच चुकलं. तुळशीदास वर हार घेऊन स्वागताला उभा होता आणि एकेकाचा आवाज मोजत होता. दाण. दाण. दाण. सव्वीस.

कीर्तन रंगलं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुळशीदासचे डोळे मिटले नाहीत. त्याचं लक्ष जिन्याच्या तोंडाशी होतं. सॅन्टनने जाता जाता काही करून ठेवलं की काय? एखादा खिळा सैल केला? दात्यात काही घातलं? की विकीनेच घाई केली? की पॉलिश निसरडं?

आरती झाली. उतरताना बुवा सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या पायरीवरून त्यांनी जमिनीवर पाय टाकला, आणि जमीन त्यांना वाटली तिथे नव्हती. ती दोन बोटं खाली होती. बुवा पुढे कोसळले, हात टेकला, आणि मनगटातून कळ निघाली. टाळ धरायचा उजवा हात.

गलका झाला. कुणी पाणी, कुणी खुर्ची, कुणी डॉक्टरला फोन.

"जिना कुणी केला हो?" कुणीतरी विचारलं.

"सॅन्टनने," शत्रुघ्न म्हणाला. "मी आधीच बोललो होतो."

खाली ओट्यावर एडवर्ड उभा होता. पलीकडच्या गल्लीतला, दरवर्षी कीर्तन ऐकायला यायचा. त्याच्या घराचं काम निघालं होतं आणि जिना सॅन्टनलाच दिला होता. तो मान हलवत म्हणाला, "बरं झालं डोळ्यांनी बघितलं. माझी मम्मी ब्याऐंशीची आहे. उद्याच सॅन्टनला नको म्हणून सांगतो."

तुळशीदासच्या जिभेवर आलं होतं की जिना सॅन्टनने पुरा केला नाही, विकीने केला. पण मग विकी कशाला बोलावला ते सांगावं लागलं असतं. तो बुवांच्या हातावर बर्फ धरून बसला आणि काही बोलला नाही. एवढंच. पण त्या न बोलण्याने सॅन्टनच्या नावाचं जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन जिन्याजवळ बसली. वाडीत वाफे आखायला ती टेप वापरत नाही. तिचा हात हेच तिचं माप. तिने खालची पायरी मोजली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, वर दोन बोटं. दुसरी पायरी एक वीत. तिसरी एक वीत. ती एकेक पायरी चढत, मोजत गेली, सगळ्या वीतभर. वरच्या जमिनीजवळ गेली आणि थांबली.

"इकडे या हो."

"काय?"

"ही वीतभर भरत नाही. दोन बोटं कमी आहे." ती खाली बघत होती. "खाली दोन बोटं जास्त, वर दोन बोटं कमी. मधल्या सगळ्या सारख्या. म्हणजे अख्खा जिनाच दोन बोटं वर उचललाय. काय घातलंत खाली?"

तुळशीदासने तळाकडे बोट दाखवलं. मालन खाली आली, वाकून तळाला बघितलं, गोंदाची रेघ दिसली. पडवीत पायरीच्या फळीचा एक कापलेला तुकडा पडला होता. तो आणून तिने चकतीला लावला. जाडी सारखी. केसाचाही फरक नाही.

"अहो," ती म्हणाली, "दात्यावर फळी बसली की पायरी फळीएवढी उंच होते. वरच्या प्रत्येकीला तेच, म्हणून त्या सारख्या राहतात. पण पहिलीला खाली जमीन आहे, जमिनीवर कुणी फळी टाकत नाही. म्हणून ती एकटी उंच होते. तेवढंच त्याने खालून काढून टाकलं होतं. आणि तुम्ही परत घातलंत."

तुळशीदास जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला. गेल्या आठ दिवसांत त्याने कुणाकुणावर संशय घेतला होता? सॅन्टनवर, फळ्या आणणाऱ्या टेम्पोवाल्यावर, विकीवर, पॉलिशवर, फुल्यांवर. एका माणसावर तेवढा घेतला नव्हता.

"बुवांना काय सांगू?" तो म्हणाला.

"खरं सांगा. दुसरं काय सांगायला उरलंय?"

दुसऱ्या दिवसाचं कीर्तन खाली अंगणातच झालं. बुवांचा हात गळ्यात बांधलेला होता. टाळ त्यांच्या शिष्याने धरले. पूर्वरंग संपला, बुक्का लावायची वेळ आली तेव्हा तुळशीदास उभा राहिला. "मंडळी, जिना सॅन्टनने बिघडवला नाही. त्याने बरोबर केला होता. मी बिघडवला." आणि त्याने चकत्यांपासून सगळं सांगितलं, फुल्यांचंही. मागच्या रांगेत एक-दोघे हसले. शत्रुघ्न सतरंजीची दशी सोडवत बसला.

तुळशीदासला हलकं वाटलं. आता बुवा पाठीवर हात ठेवतील, काहीतरी गोड बोलतील असं त्याला वाटलं. बुवांनी विचारलं, "त्या सुताराला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग इथे कशाला सांगता? इथे तो नाही. इथे सगळे तुमचेच आहेत." बुवांचा आवाज रागाचा नव्हता. "आम्हाला काही नको. आधी तिकडे जा. बुक्का तुम्ही परत आल्यावर लावू."

भर कीर्तनातून तुळशीदास उठला. जन्मात पहिल्यांदा.

सॅन्टन घराच्या मागे आंब्याखाली बसून जुन्या खुर्चीचा पाय बसवत होता. त्याने बघितलं, पण उठला नाही. तुळशीदासने उभ्या उभ्याच सांगितलं. सॅन्टनने पाय ठोकून पुरा केला, मग बोलला.

"एडवर्डने सकाळी नको म्हणून कळवलं. पंधरा वर्षांची ओळख. कारण पण सांगितलं नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाला, 'तुझा जिना बघितला.'"

"मी सांगतो त्याला."

"चला. मी बरोबर येतो, पण बोलणार नाही. तुम्ही बोला."

एडवर्डच्या दारात तुळशीदासने पुन्हा सगळं सांगितलं. एडवर्डने ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले. "काल बुवा पडले तेव्हा तुम्ही तिथेच होता. काही बोलला नाहीत. आज ह्याला बरोबर घेऊन आलात. ह्याने पाय धरले का तुमचे? का तुमचा जिना फुकटात दुरुस्त करून देतो म्हणाला?"

खरं बोलत असताना समोरचा डोळे बारीक करून बघतो म्हणजे काय होतं, ते त्याला सहासष्टाव्या वर्षी कळलं. शेजारी सॅन्टन उभा होता. तो खरंच काही बोलला नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तुळशीदास शेवटी म्हणाला. "येऊन बघा. तुमच्या हाताने मोजा."

एडवर्ड टेप घेऊन आला. मोजलं. खाली साडेआठ, मधे सात, वर साडेपाच. मग सॅन्टनने बोल्ट सोडले. अनुज, एडवर्ड, सॅन्टनचा जोडीदार आणि पखवाजवाला अशा चौघांनी जिना खालून तोलून धरला, सॅन्टनने पटाशीने दोन्ही चकत्या उडवल्या, जिना अलगद खाली बसवला आणि बोल्ट आवळले. एडवर्डने पुन्हा मोजलं. सात. सात. सात. तळापासून माथ्यापर्यंत सात.

"चढून बघा," सॅन्टन म्हणाला.

तेवढ्यात एडवर्डचा फोन वाजला. घरून होता. "हॅलो, हां मम्मी... नाही, इथे राऊतांकडे आहे..." बोलत बोलत तो चढला, वरच्या खोलीत गेला, एक फेरी मारली, बोलत बोलतच उतरला. खाली येऊन फोन ठेवला आणि म्हणाला, "हां, काय म्हणत होतो? चढायचं ना?"

सगळे हसले. एडवर्डला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने फोन खिशात टाकला, जिन्याकडे एकदा बघितलं आणि सॅन्टनला म्हणाला, "सोमवारपासून ये. मम्मीला मी सांगतो." मग म्हणाला, "आणि ती तुला हजार प्रश्न विचारेल. तिला उत्तर देत जा रे बाबा."

"कापताना नाही देणार," सॅन्टन म्हणाला. "आधी देईन."

तिसऱ्या दिवशीचं कीर्तन वर झालं. बुवा चढले, वर गेले, बसले. मंडळी आली, गेली. तुळशीदासने बुक्का लावून घेतला आणि त्या दिवशी मात्र डोळे मिटले.

आता एवढंच मागतो. बुवा, शत्रुघ्न, विकी, हे सगळे तुम्ही विसरलात तरी चालेल. तुळशीदासचं तर विसराच. त्याचीही तीच इच्छा आहे. पण त्या दोन दिवसांत आगाशीपासून नंदाखालपर्यंत ज्यांनी ज्यांनी 'सॅन्टनचा जिना' म्हणून मान हलवली, त्या सगळ्यांपर्यंत खरं अजून पोचलेलं नाही. चुकीची बातमी पायाने पळते, दुरुस्ती मात्र कुणीतरी हाताने नेऊन पोचवावी लागते. म्हणून तुम्ही नाव लक्षात ठेवा. सॅन्टन मिंगेल डाबरे, नंदाखाल, चर्चच्या मागची आळी. आज घरी गेल्यावर देवापुढे दिवा लावाल, तेव्हा त्याच्यासाठी एकदा हात जोडा, आणि उद्या कुणी सुतार विचारला तर त्याचं नाव सांगा.